अवयवदान आणि प्रत्यारोपणाची नीती: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अवयवदान चांगलंच असतं. मग त्याच्या नीतीवर संशोधन कसलं करायचं?

दान चांगलं, याबद्दल फारसं कुणी भांडत नाही. भांडण बाकीच्या गोष्टींवर आहे: माणूस मेला असं कधी म्हणायचं, होकार नेमका कुणाचा, अवयव आधी कुणाला, आणि देणारे कोण व घेणारे कोण. साठ-सत्तरच्या दशकांत लिखाण मुख्यतः मृत्यूच्या व्याख्येवर होत होतं. ऐंशी-नव्वदीत किडनीच्या बाजाराचा विषय पुढे आला. २००० नंतर संमतीचे कायदे आणि जिवंत दात्याची तब्येत यांवर भर आला. गेल्या दहा-बारा वर्षांत मृत्यूचाच प्रश्न पुन्हा वर आला आहे, आणि जोडीला डुकराचे अवयव, संगणकाने ठरवलेला प्राधान्यक्रम आणि स्त्री-पुरुष विषमता हे विषय आले आहेत.

आपल्याकडे मात्र ऑगस्टमध्ये अवयवदान दिन आला की चर्चा ‘जनजागृती कमी आहे’ एवढ्यावर सुरू होते आणि तिथेच संपते. माझ्या मते खरी अडचण दोन ठिकाणी आहे: आयसीयूच्या दारात आणि घराच्या आत. म्हणून खाली त्या दोन प्रश्नांना जास्त जागा दिली आहे.

‘ब्रेन डेड’ माणूस खरंच मेलेला असतो का? छाती तर हलत असते.

नातेवाइकांच्या मनातला पहिला प्रश्न हाच असतो, आणि तो अडाणीपणाचा नाही. अंग उबदार असतं, मॉनिटरवर ठोके दिसतात, लघवी होत असते.

भारतात १९९४ च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्याने मेंदूच्या मुळाचा, म्हणजे ब्रेनस्टेमचा, मृत्यू हा निकष धरला आहे. हा कायदा व्हावा असे ठराव गोवा, हिमाचल प्रदेश आणि महाराष्ट्र या तीन राज्यांच्या विधानसभांनी केले होते. चार डॉक्टरांचं मंडळ तपासणी करतं आणि किमान सहा तासांनी तीच तपासणी पुन्हा करतं. डोळ्यांत प्रकाश टाकून बाहुल्या आकसतात का, बुबुळाला कापसाचा स्पर्श केल्यावर पापणी मिटते का, कानात बर्फाचं पाणी सोडल्यावर डोळे हलतात का, घशात नळी हलवल्यावर खोकला येतो का, हे पाहिलं जातं. शेवटी अ‍ॅप्निया टेस्ट होते. आधी भरपूर ऑक्सिजन देऊन व्हेंटिलेटर सोडवतात आणि आठ-दहा मिनिटं छाती-पोटाकडे बघत थांबतात. रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढला की जिवंत ब्रेनस्टेम श्वास घ्यायला लावतोच. त्याचा दाब पाऱ्याच्या ६० मिलिमीटरच्या वर गेला आणि तरीही एकही श्वास आला नाही, तर त्या मेंदूकडून पुन्हा श्वास येणार नाही, असा निष्कर्ष निघतो.

ही व्याख्या आली तीच प्रत्यारोपणाच्या काळात, हे लपवण्यात अर्थ नाही. डिसेंबर १९६७ मध्ये केपटाऊनला ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी हृदय बदललं. फेब्रुवारी १९६८ मध्ये मुंबईच्या केईएममध्ये डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी तोच प्रयत्न केला; रुग्ण काही तासच जगला आणि मेंदूमृत्यूचा कायदा तेव्हा आपल्याकडे नव्हता. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मेंदूमृत्यूची व्याख्या मांडणारा हार्वर्ड विद्यापीठाच्या समितीचा अहवाल आला. समितीने दोन कारणं उघड लिहिली होती: आयसीयूत अडकलेल्या रुग्णांचा आणि कुटुंबांचा बोजा, आणि अवयव मिळवताना होणारे वाद. टीकाकार आजही याच दुसऱ्या कारणावर बोट ठेवतात.

संशोधनातला सध्याचा वाद असा: अमेरिकेच्या १९८१ च्या नमुना कायद्यात ‘संपूर्ण मेंदूची सर्व कार्यं’ थांबायला हवीत असं म्हटलं आहे, पण मेंदूमृत ठरवलेल्या काही रुग्णांत हायपोथॅलॅमसचं, म्हणजे मेंदूतल्या एका छोट्या भागाचं, संप्रेरकांचं काम चालू असतं. मग कायदा बदलायचा की तपासणी? २०२३ पर्यंत बराच खल झाला आणि एकमत न झाल्याने कायदा सुधारण्याचं काम थांबलं. भारत आणि ब्रिटनमध्ये निकष ब्रेनस्टेमचा असल्याने हा पेच त्याच स्वरूपात येत नाही.

कुटुंबाने दानाला नकार दिला, तर ब्रेन डेड रुग्णाचा व्हेंटिलेटर काढतात का?

इथे भारतातली सगळ्यात विचित्र गुंतागुंत आहे. ब्रेनस्टेम मृत्यूची व्याख्या आपल्याकडे प्रत्यारोपणाच्या कायद्यात आहे. त्यामुळे कुटुंबाने सही केली की रुग्ण मृत. नाही केली तर तोच रुग्ण, तेच रिपोर्ट, पण व्हेंटिलेटर चालू आणि बिलही चालू. बहुतेक डॉक्टर पोलिस केस आणि हाणामारी दोन्हींच्या भीतीने हात लावत नाहीत.

याचा परिणाम होकारावरही होतो. ‘तुमचा माणूस गेला’ आणि ‘अवयव द्याल का’ ही दोन वाक्यं एकाच बैठकीत आली की ऐकणाऱ्याला पहिलं वाक्य दुसऱ्यासाठी रचलेलं वाटतं. मृत्यू आधी सांगायचा, तो पचायला वेळ द्यायचा आणि दानाचं मग वेगळ्या माणसाने विचारायचं, हे प्रशिक्षित कोऑर्डिनेटरला, म्हणजे रुग्णालयात दानाचं काम जुळवणाऱ्या माणसाला, शिकवतात. पण मृत्यूच दानावर अवलंबून ठेवला, तर हे दोन टप्पे वेगळे करायचे कसे?

केरळने २०२० मध्ये दानाशी संबंध न ठेवता ब्रेनस्टेम मृत्यू प्रमाणित करण्याची पद्धत ठरवून दिली. माझ्या मते महाराष्ट्रानेही हे करावं. २०१८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने, आणि २०२३ मध्ये त्याची प्रक्रिया सोपी केल्याने, असाध्य रुग्णाचे उपचार थांबवण्याला वाट मिळाली आहे; पण तो जिवंत रुग्णाचा मार्ग आहे. मेलेल्या माणसाला तो लावणं म्हणजे पुन्हा गोंधळच.

हृदय थांबल्यावर अवयव घेता येतात का?

येतात. ब्रिटन, नेदरलँड्स, स्पेनमध्ये मोठ्या संख्येने घेतले जातात. उपचार थांबवतात, हृदय थांबतं, काही मिनिटं (बऱ्याच ठिकाणी पाच) कुणी हात लावत नाही, मग शस्त्रक्रिया. भारतात चंदीगडच्या पीजीआयसारख्या मोजक्या ठिकाणी हे झालं आहे, कारण उपचार थांबवण्याचा कायदाच आपल्याकडे उशिरा स्पष्ट झाला.

नवा वाद त्यापुढचा आहे. मृत्यू घोषित केल्यावर यंत्राने शरीरात रक्ताभिसरण पुन्हा सुरू करायचं आणि मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आधीच बांधायच्या, म्हणजे अवयव ताजे राहतात. अवयव खरोखर चांगले मिळतात. पण ‘रक्ताभिसरण कायमचं थांबलं’ म्हणून मृत ठरवलं आणि लगेच ते सुरू केलं, हे कसं? २०२१ मध्ये अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या डॉक्टरांच्या संघटनेने ही पद्धत थांबवून आधी विचार करा असं म्हटलं. समर्थक म्हणतात, मेंदूला रक्त गेलंच नाही तर फरक काय? मला हा युक्तिवाद पुरेसा वाटत नाही. रक्तवाहिनी बांधण्याची गरज पडते, यातच शंका कबूल केलेली आहे.

‘नकार नोंदवला नाही म्हणजे होकार’ असा कायदा भारतात का नको?

स्पेनचं उदाहरण देऊन हा प्रश्न नेहमी येतो. स्पेनमध्ये दर दहा लाख लोकसंख्येमागे ५० च्या आसपास मृत दाते आहेत, भारतात दहा लाखांमागे एकही पुरता भरत नाही. पण स्पेनचा गृहीत संमतीचा कायदा १९७९ चा, आणि आकडे वाढले ते १९८९ मध्ये राष्ट्रीय संस्था स्थापन होऊन राफाएल मातेसान्स यांनी प्रत्येक मोठ्या रुग्णालयात आयसीयूचे डॉक्टर कोऑर्डिनेटर म्हणून नेमल्यावर. तिथे आजही कुटुंबाला विचारल्याशिवाय काही करत नाहीत.

ब्राझीलने १९९७ मध्ये असा कायदा आणला आणि लोकांचा विश्वास उडाल्यावर पुढच्याच वर्षी मागे घेतला. वेल्सने २०१५ मध्ये आणि इंग्लंडने २०२० मध्ये पद्धत बदलली. तिथेही घरच्यांचा नकार हाच मोठा अडथळा उरला. आपल्याकडे सरकारी रुग्णालयावर आधीच संशय असतो. त्यात गृहीत संमती आणली तर गरिबांना ‘न विचारता काढून घेतात’ असंच वाटेल, आणि त्यांना दोष देता येणार नाही.

किडनी विकायला कायदेशीर परवानगी दिली तर काळा बाजार थांबेल ना?

इराणमध्ये १९८८ पासून नियंत्रित मोबदल्याची पद्धत आहे आणि तिचे समर्थक अभ्यासकांतही आहेत. पण विकणाऱ्यांचं पुढे काय होतं, यावरचा सगळ्यात जास्त उद्धृत झालेला अभ्यास भारतातलाच आहे. चेन्नईत किडनी विकलेल्या ३०५ जणांची पाहणी २००२ मध्ये जामा या अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात आली. ९६ टक्क्यांनी कर्ज फेडण्यासाठी विकली होती. सरासरी १,०७० डॉलर हाती आले. नंतर कुटुंबाचं उत्पन्न सुमारे एक तृतीयांशाने घटलं, बहुतेकांची तब्येत खालावली आणि ७९ टक्के म्हणाले की दुसऱ्याला हा सल्ला देणार नाही. बहुतेकांचं कर्ज फिटलं नाही ते नाहीच.

समर्थक म्हणतात की हा बेकायदा बाजाराचा परिणाम आहे, कायदेशीर केलं तर दलाल जाईल. असेल. पण सावकाराला एकदा कळलं की कर्जदाराकडे कायदेशीर विकता येणारी किडनी आहे, तर तो तारणात ती धरणार नाही, असं मानायला मी तयार नाही.

प्रत्यारोपणतज्ज्ञांच्या २००८ च्या आंतरराष्ट्रीय इस्तंबूल जाहीरनाम्याने (२०१८ मध्ये सुधारित) खरेदी-विक्री आणि अवयवांसाठीचं पर्यटन दोन्ही नाकारलं. भारतात २०११ च्या दुरुस्तीनंतर व्यापाराला पाच ते दहा वर्षं कैद आणि वीस लाख ते एक कोटी रुपये दंड आहे.

घरातल्या घरात किडनी दिली तर त्यात नैतिक प्रश्न काय?

माझ्या मते भारतातला सगळ्यात मोठा प्रश्न हाच आहे, आणि सगळ्यात कमी अभ्यासलेला.

२०२३ मध्ये देशात १८,३७८ प्रत्यारोपणं झाली. मृत दाते होते सुमारे ११००. म्हणजे आपला कार्यक्रम मुख्यतः जिवंत नातेवाइकांवर चालतो. त्या नातेवाइकांत पाचपैकी चारच्या आसपास बायका: आई, बायको, बहीण. आणि घेणाऱ्यांत? राष्ट्रीय आकडेवारीनुसार १९९५ ते २०२१ या काळातल्या ३६,६४० प्रत्यारोपणांपैकी सुमारे २९,७०० पुरुषांवर झाली.

याचं एक वैद्यकीय कारण सांगितलं जातं आणि ते खोटं नाही. बाळंतपणात नवऱ्याकडून बाळात आलेल्या प्रथिनांविरुद्ध बाईच्या रक्तात प्रतिपिंडं तयार होऊ शकतात. मग नवऱ्याची किडनी तिला चालत नाही, तिची मात्र त्याला चालते. पण हे नवरा-बायकोपुरतं झालं. आई आणि बाप, बहीण आणि भाऊ यांच्यातला फरक यातून सुटत नाही. ‘तो कमावता आहे’ हे वाक्य तिथे येतं.

२०१४ च्या नियमांत दाता स्त्री असेल तर जास्त काळजी घ्या आणि तिची स्वतंत्र संमती, अवयव घेणारा सोडून दुसऱ्या व्यक्तीकडून, पडताळा, असं लिहिलं आहे. मुलाखतीचं चित्रीकरणही होतं. लग्नाचे फोटो, रेशन कार्ड, एकत्र राहिल्याचे पुरावे, सगळं टेबलावर मांडलं जातं. नातं खरं आहे का, हे त्यातून कळतं. बाईला ‘नाही’ म्हणता आलं असतं का, हे कोणत्या कागदावरून कळणार?

यावर जगभरात एक पद्धत चर्चेत आहे. दात्याने एकांतात डॉक्टरला ‘मला द्यायची नाही’ असं सांगितलं, तर डॉक्टर घरच्यांना इतकंच सांगतात की ‘दाता म्हणून योग्य नाही’. काही अभ्यासक याला खोटारडेपणा म्हणतात, काही संरक्षण. सुनेने नाही म्हटल्याचं सासरी कळलं तर काय होईल, हे ज्याला माहीत आहे तो दुसऱ्या बाजूने उभा राहील. मी राहतो.

किडनी दिल्याने दात्याला पुढे धोका असतो का?

असतो, पण कमी. शस्त्रक्रियेत मृत्यूचं प्रमाण जुन्या अमेरिकन अभ्यासात दहा हजारांत तीन होतं, अलीकडच्या आकडेवारीत ते एकाच्याही खाली आलं आहे. २०१४ च्या एका मोठ्या अमेरिकन अभ्यासात दात्याला आयुष्यात कधीतरी किडनी पूर्ण निकामी होण्याची शक्यता दहा हजारांत ९० निघाली. तितक्याच निरोगी पण दान न केलेल्या माणसांत १४. तोवर सामान्य लोकसंख्येशी तुलना करून ‘धोका काहीच नाही’ असं सांगितलं जाई. खरं तर दाते मुळातच निवडून घेतलेले निरोगी लोक असतात. हे आकडे अमेरिकेतले. रोज उन्हात राबणाऱ्या, पुढे तपासणीला न येणाऱ्या आपल्या दात्यांचं काय होतं, याचा दीर्घकाळ पाठपुरावा फार तुटक आहे.

प्रतीक्षा यादीत श्रीमंत आणि वशिल्याचे लोक पुढे जातात का?

मृत दात्याचे अवयव महाराष्ट्रात मुंबई, पुणे, नागपूर आणि औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर) इथल्या विभागीय समन्वय केंद्रांमार्फत वाटले जातात. रक्तगट, डायलिसिसचा काळ, तातडी वगैरेंवर क्रम ठरतो आणि यादीत कुणाला वर सरकवणं तिथे सोपं नाही. अन्याय यादीच्या आधी होतो. यादीत यायला नोंदणीकृत रुग्णालय, तपासण्या आणि शस्त्रक्रियेचे पैसे लागतात. फोन आला की काही तासांत पोचावं लागतं. गडचिरोलीतला डायलिसिसवरचा माणूस यादीवर येतच नाही, मग त्याच्यावर अन्याय झाल्याचं कुठे नोंदलंही जात नाही. बहुतांश प्रत्यारोपणं खासगी रुग्णालयांत होतात, दाते मात्र सरकारी वॉर्डातूनही येतात. यावर आपल्याकडे गंभीर संशोधन व्हायला हवं.

२०२३ मध्ये केंद्राने अधिवासाची अट, ६५ वर्षांची वयोमर्यादा आणि नोंदणी शुल्क काढून टाकायला सांगितलं. त्याने थोडी दारं उघडली. २०२५ मध्ये राष्ट्रीय अवयव व ऊती प्रत्यारोपण संस्थेने (नोटो) स्त्री रुग्णांना आणि मृत दात्याच्या जवळच्या नातेवाइकांना प्राधान्य देण्याची सूचना राज्यांना केली.

संगणकाने क्रम लावला तर पक्षपात जाईल ना?

गणितात पक्षपात लपून राहतो, इतकंच. यकृतासाठी कोण किती आजारी हे ठरवणारा गुणांक क्रिएटिनिनवरही (स्नायूंतून रक्तात येणारा टाकाऊ पदार्थ) अवलंबून होता. बायकांत स्नायू कमी म्हणून क्रिएटिनिन कमी, म्हणून त्या प्रत्यक्षापेक्षा कमी आजारी दिसत. अमेरिकेत २०२३ मध्ये सूत्र बदललं. तिथेच किडनीच्या मोजमापात कृष्णवर्णीयांसाठी वेगळा गुणक होता, त्याने त्यांची किडनी कागदावर बरी दिसे आणि ते यादीत उशिरा येत. २०२२ मध्ये तो बंद झाला आणि गमावलेला वेळ परत मोजून दिला गेला.

दारू पिऊन लिव्हर घालवलेल्या माणसाला अवयव का द्यायचा?

कारण डॉक्टर न्यायाधीश नाही. सहा महिने दारू सोडल्याशिवाय प्रत्यारोपण नाही, हा नियम बरीच वर्षं होता. २०११ मध्ये फ्रान्स-बेल्जियममधल्या अभ्यासात तीव्र अवस्थेतल्या निवडक रुग्णांवर वाट न बघता प्रत्यारोपण केलं. सहा महिन्यांनी ७७ टक्के जिवंत होते, न केलेल्यांत २३ टक्के. तेव्हापासून अनेक केंद्रांनी नियम सैल केला. आपल्याकडे बहुतेक लिव्हर जिवंत नातेवाईक देतो, त्यामुळे प्रश्न आणखी अवघड: नवऱ्याच्या दारूची किंमत बायकोच्या यकृताने चुकवायची का?

गर्भाशयाचं प्रत्यारोपण योग्य की अयोग्य?

पुण्यात मे २०१७ मध्ये डॉ. शैलेश पुणतांबेकर यांच्या पथकाने आईचं गर्भाशय मुलीला बसवलं आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये भारतातलं असं पहिलं बाळ जन्मलं. स्वीडनमध्ये ते २०१४ मध्ये झालं होतं. इथे जीव वाचत नाही, तरी दात्यावर मोठी शस्त्रक्रिया होते आणि घेणाऱ्या स्त्रीला प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घ्यावी लागतात. मूल हवं ही इच्छा तिची की घराची, हा प्रश्न स्वीडनपेक्षा पुण्यात जास्त टोचतो. म्हणून मी याला सरळ नाही म्हणणार नाही, पण जाहिरात होऊ लागली तर जरूर ओरडेन.

डुकराच्या अवयवांचं काय?

पहिली बातमी अमेरिकेतल्या बाल्टिमोरची, म्हणजे २०२२ ची, नव्हे. १९९७ मध्ये गुवाहाटीजवळ सोनापूरला डॉ. धनीराम बरुआ यांनी डुकराचं हृदय माणसाला बसवलं. रुग्ण आठवडाभरात गेला आणि डॉक्टरांना अटक झाली. नैतिक परवानगी नाही, प्रकाशित निष्कर्ष नाहीत. २०२२ मध्ये बाल्टिमोरच्या मेरिलँड विद्यापीठात जनुकं बदललेल्या डुकराचं हृदय बसवलेला रुग्ण सुमारे दोन महिने जगला. त्या हृदयात डुकराचा विषाणू सापडला. २०२५ पासून अमेरिकेत किडनीच्या रीतसर चाचण्यांना परवानगी आहे.

प्रश्न फक्त प्राण्यांच्या हक्काचा किंवा धर्माचा नाही. विषाणूच्या भीतीने रुग्णावर आयुष्यभर नजर ठेवावी लागते. मग ‘चाचणीतून कधीही बाहेर पडा’ हा संशोधनातला मूलभूत हक्क त्याला उरतो का? त्याच्या बायकोची, मुलांची संमती घ्यायची का?

चीनमधल्या प्रत्यारोपणाच्या संशोधनावर बंदी का?

मृत्युदंड झालेल्या कैद्यांचे अवयव तिथे वापरले जात; २०१५ पासून हे बंद केल्याचं सरकार सांगतं. २०१९ मध्ये वेंडी रॉजर्स आणि सहकाऱ्यांनी ४४५ शोधनिबंध तपासले. ९९ टक्क्यांत दात्याच्या संमतीचा उल्लेखच नव्हता. त्यानंतर काही निबंध मागे घेतले गेले आणि हृदय-फुप्फुस प्रत्यारोपणाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२२ मध्ये असं काम स्वीकारणं बंद केलं. अवयव कुठून आला हे न सांगता फक्त निकाल छापणं आता खपत नाही, हा या क्षेत्रातला खरा बदल आहे.

मी देहदानाचा फॉर्म भरला आहे. म्हणजे अवयवदानही झालं ना?

नाही. देहदान म्हणजे शरीररचनाशास्त्राच्या अभ्यासासाठी संपूर्ण शरीर वैद्यकीय महाविद्यालयाला देणं. हृदय-किडनी साधारणपणे आयसीयूत ब्रेन डेड झालेल्या माणसाचीच घेता येतात. घरी मृत्यू झाला तर डोळे आणि त्वचा काही तासांत देता येते. आणि तुम्ही कार्ड भरलेलं असलं तरी प्रत्यक्षात घरच्यांच्या सहीशिवाय पुढे जात नाहीत, तेव्हा घरात बोलून ठेवा.

विद्यार्थ्याने यावर काम करायचं तर कुठून सुरुवात करावी?

मुंबईतून १९९३ पासून निघणारं इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्स आधी चाळा. भारतीय अनुभव तिथे बराच सापडेल. विषय हवा असेल तर नकार दिलेल्या कुटुंबांकडे जा. होकार देणाऱ्यांचे सत्कार होतात, फोटो छापून येतात. नकार देणाऱ्यांना आयसीयूत नेमकं काय सांगितलं गेलं, कोणी सांगितलं, किती वाजता, बिल तेव्हा किती झालं होतं, हे मराठीत बसून, त्यांच्या ओट्यावर, कुणी विचारलेलं फारसं दिसत नाही. संशोधन समितीची परवानगी मात्र आधी घ्या.